प्रस्तावित यलो झोन: हिरवा पट्टा कुठून गळतो आणि कुठे अडवता येतो

'११ गुंठे फार्महाऊस प्लॉट, एनए टच, प्रस्तावित यलो झोन, स्वतंत्र सातबारा.' पुणे, नाशिक, कोल्हापूर, अलिबाग, कुठल्याही शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावरच्या फ्लेक्सवर थोड्याफार फरकाने हाच मजकूर असतो. हा एक फ्लेक्स नीट वाचला तरी शेतजमीन शहराच्या पोटात कशी जाते ते बरंचसं कळतं.

आधी ११ गुंठे. तुकडेबंदी कायद्याखालचं प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही) २०२३ मध्ये जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. म्हणजे बागायत दाखवलेल्या जमिनीचा ११ गुंठ्यांचा तुकडा दस्ताला बसतो, स्वतंत्र सातबारा होतो. पण त्यावर फार्महाऊस? शेती विभागात फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे ४,००० चौरस मीटर, साडेएकोणचाळीस गुंठे. त्यावर ०.०३७५ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे १५० चौरस मीटर बांधकाम. जमीन कितीही मोठी असली तरी कमाल ४००. अकरा गुंठ्यांत ही परवानगी बसतच नाही. 'एनए टच' म्हणजे शेजारची जमीन एनए (अकृषिक) आहे, ही नाही. यलो झोन म्हणजे नकाशावरचा पिवळा, रहिवास विभाग; ग्रीन झोन म्हणजे हिरवा, शेती विभाग. आणि 'प्रस्तावित यलो झोन' याचा सरळ अर्थ: आज ग्रीन झोन आहे.

हिरवा रंग पिवळा होणार यावर लोक पैसे लावतात, कारण तो होतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

शेतजमिनीवर पूर्वी दोन कुलपं होती. एक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ खालचा झोन. दुसरं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खालची अकृषिक परवानगी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडची एनए. दुसरं कुलूप किचकट होतं, त्यात भ्रष्टाचार होता, लोक वैतागले होते. ते सैल झालं याचं कुणाला दुःख नाही आणि नसावंही. २०१४ मध्ये कलम ४२-अ आलं, २०१७ मध्ये ४२-ब, ४२-क आणि ४२-ड आली. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जमिनीला जो वापर दिलाय त्या वापरासाठी आता वेगळ्या एनएची गरज उरली नाही. ठरलेली रक्कम, आणि वर्ग २ ची (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली) जमीन असेल तर नजराणा भरला की झालं. याचा अर्थ असा, की आता सगळा भार एकाच कुलपावर आहे. नकाशावरचा रंग बदलला की जमीन गेली.

त्यातही ४२-ड कडे लोकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन निवासी वापरासाठी, किंवा प्रादेशिक योजनेत तिथे जे अनुज्ञेय आहे त्यासाठी, अकृषिक मानली जाते. दोनशे मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. साधारण १५० मीटर त्रिज्येचं गोल गावठाण धरा, त्याचं क्षेत्र सुमारे ७ हेक्टर. भोवतालचं २०० मीटरचं कडं भरतं ३१ हेक्टरांहून थोडं जास्त, म्हणजे ७७ एकर. मूळ गावठाणाच्या साडेचारपट. गावाला वाढायला जागा हवीच, भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर घरं कुठे बांधायची हा खरा प्रश्न आहे. पण त्या कड्यात गावाची सगळ्यात चांगली, विहिरीजवळची, खत पडलेली जमीन असते, आणि शहरालगतच्या गावांत ती गावकऱ्यांच्या घरांऐवजी प्लॉटिंगला जाते.

रंग कुठे बघायचा

नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत विकास आराखडा असतो, त्याबाहेर प्रादेशिक योजना. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांच्या आजूबाजूला महानगर प्राधिकरणाची हद्द असते आणि तिथे मंजूर प्रादेशिक योजना चालू आहे की प्रारूप आराखडा, हे आधी विचारून घ्यावं लागतं. पुणे विभागाची प्रादेशिक योजना १९९७ ची. गाव, तालुका, गट नंबर, चालू सातबारा आणि मोजणीचा गट नकाशा जोडून नगर रचनेच्या जिल्हा शाखेत अर्ज करा, शुल्क भरा आणि दोन गोष्टी मागा: झोन दाखला आणि भाग नकाशा. नुसता दाखला घेऊ नका. दाखल्यावर 'अंशतः शेती, अंशतः रहिवास' असं लिहून येतं आणि अंशतः म्हणजे किती, ते भाग नकाशाशिवाय कळत नाही.

इथे एक तांत्रिक भानगड आहे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर पेनची १ मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५० मीटर रुंद असते. झोनची हद्द गटातून गेली असेल तर तिला ५० मीटर इकडे-तिकडे ढकलायला वाव मिळतो, आणि रेटा नेहमी एकाच बाजूने असतो. म्हणून हद्द कशाला धरून आहे ते विचारायचं: गट हद्द, ओढा, रस्त्याची मध्यरेषा की गावठाणापासूनचं अंतर. लेखी घ्यायचं.

दुसरं, शेती विभाग म्हणजे फक्त शेती हा गैरसमज. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रीकृत नियमावली, सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात, ती उघडून शेती विभागातल्या अनुज्ञेय वापरांची यादी वाचा. मंगल कार्यालय, शाळा, दवाखाना, पेट्रोल पंप, गोदाम, शीतगृह, कृषी पर्यटन, खाणकाम. सलग ४० हेक्टर, म्हणजे सुमारे १०० एकर जमवली तर एकात्मिक नगर प्रकल्पही (टाउनशिप). यातलं काही गावाला लागतं. पण बारा मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं आणि गोदामं उभी राहिली, की पाच वर्षांनी 'इथे आता शेती उरलीच कुठे' असं म्हणत झोन बदलाचा प्रस्ताव येतो. पहिला वापर नियमात बसणारा असतो, आणि त्याच्या आधारावरच दुसरा मागितला जातो.

गळती: तीन जागा

पहिली, मंजूर योजनेतले सुटे फेरबदल. १९६६ च्या नगर रचना अधिनियमात प्रादेशिक योजनेसाठी कलम २०, विकास आराखड्यासाठी कलम ३७. एखाद्या गटापुरता 'शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट' असा प्रस्ताव निघतो, राजपत्राच्या विभागीय पुरवणीत आणि वर्तमानपत्रात सूचना येते, हरकतीला साधारण महिनाभर मिळतो. सूचना छापील असते, कायद्याला धरून असते, आणि ती वाचतं कोण? त्यात गावाचं नाव आणि गट नंबर असतो, नकाशा कार्यालयात 'अवलोकनार्थ' ठेवलेला असतो. गावातल्या दोघातिघांनी दर आठवड्याला राजपत्राच्या संकेतस्थळावर आपल्या तालुक्याचं नाव शोधायची सवय लावली तर निम्मं काम होतं. जोडीला महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा बघायच्या. एकाच खरेदीदाराच्या नावावर लागून असलेले गट जमू लागले, की फेरबदलाचा प्रस्ताव मागोमाग येतोच.

गोव्यात हीच गळती धोरण बनली. तिथल्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आलं: प्रादेशिक आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करायच्या, अर्जदाराच्या एकेका भूखंडापुरत्या. भातशेती आणि बागायतीचे पट्टे चूक म्हणून वसाहतीत जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ ला त्याखालचे नियम रद्द केले. तोवर २०२४ मध्ये कलम ३९-अ येऊनही बसलं होतं. एक दार बंद होताना दुसरं उघडलेलं असतं, हे गृहीत धरूनच लक्ष ठेवावं लागतं.

दुसरी जागा, आराखडा मंजूर होतानाचा शेवटचा टप्पा. प्रारूप आराखड्यावर कलम २६ खाली हरकती होतात, कलम २८ च्या नियोजन समितीपुढे सुनावणी होते, वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि लोकांना वाटतं, झालं. खरा खेळ पुढे असतो. शासन कलम ३१ खाली आराखडा भागशः मंजूर करतं आणि काही बदल 'वगळलेला भाग' म्हणून बाजूला काढतं. या प्रत्येक भागाला ईपी-१, ईपी-२ असे क्रमांक असतात. बदलाचं स्वरूप मोठं असेल तर त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मोठं म्हणजे काय, ते कलम २२-अ सांगतं: झोन बदलाच्या बाबतीत, ज्या झोनमध्ये जमीन टाकली त्याचं क्षेत्र त्या नियोजन घटकात १० टक्क्यांनी वाढलं तर. त्याच्या आत राहणारे बदल मंजूर फेरबदलांच्या यादीत, एसएम क्रमांकाखाली, थेट मंजूर होऊन येऊ शकतात. म्हणून मंजुरीच्या अधिसूचनेसोबतच्या दोन्ही अनुसूची ओळ न् ओळ वाचायच्या, एसएमची आधी.

तिसरी जागा, नियमितीकरण. गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट, नियमित करणारा कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं, मग २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. तुकडेबंदीविरुद्धचे व्यवहार नियमित करायला २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के, २०२४ मध्ये ५ टक्के, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने शहरी व नियोजित बिगरशेती क्षेत्रांतले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार फुकट. ज्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घालून दीड गुंठा घेतला त्याला वाऱ्यावर सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण या आकड्यांचा क्रम प्लॉटिंगवाल्यालाही वाचता येतो. पुढची तारीख येणार, हे धरूनच तो आजचा दर लावतो.

डोंगर

डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात कळीचा आकडा १:५. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको. हे घरबसल्या तपासता येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर दोन समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. १:५ म्हणजे २० मीटर चढायला १०० मीटर आडवं अंतर, नकाशावर २ मिलिमीटर. दोन रेषांमधलं अंतर २ मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं की उतार १:५ हून तीव्र. साधी पट्टी पुरते.

हे माहीत असणारे लोक उतारच बदलतात. गौण खनिजाचा परवाना काढायचा, पोकलेन लावून पायथा कापायचा, मुरूम विकायचा, आणि सपाट झालेल्या टप्प्याचा नवा समोच्च सर्व्हे दाखल करायचा: 'सदर जागेचा उतार १:५ पेक्षा कमी आहे.' मुरमाचेही पैसे, प्लॉटचेही पैसे. इथे पकडायचं ते परवान्यातल्या ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ५०० ब्रास म्हणजे सुमारे १,४१६ घनमीटर, ४० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खड्ड्याएवढा. परवाना ५०० ब्रासचा आणि कापलेला टप्पा दीड एकराचा असेल तर हिशेब तहसील कार्यालयात लेखी मांडा आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राने) मोजणीची मागणी करा. गुगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रहचित्रं असतात. परवान्याआधीचं आणि नंतरचं चित्र, दोन्हींवर अक्षांश-रेखांश दिसतील असं छापून जोडायचं.

पुण्याच्या टेकड्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, त्याला अंतिम मंजुरी मिळेपर्यंत २०१५ उजाडलं. मोबदला ठरला जमिनीच्या ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क. साध्या आरक्षणाखाली, विरळ वस्तीच्या भागात, जागा दिली तर टीडीआर दुप्पट मिळतो. म्हणजे १०० चौरस मीटरला एकीकडे २००, दुसरीकडे ८. कोण देईल? ताबा बहुतांशी आला नाही आणि पायथ्याशी झोपड्या, पत्र्याच्या शेड, बेकायदा प्लॉट चढत गेले. हिरवा रंग फुकटात टिकवायचा म्हटलं की त्याची किंमत ज्याच्या सातबाऱ्यावर तो पडला त्याने मोजायची, असा त्याचा अर्थ होतो. मग तोच माणूस रंग बदलायला आमदाराच्या दारात उभा राहतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३ च्या सिनेट बिल १०० पासून हे जरा वेगळ्या अंगाने बांधलंय. प्रत्येक शहराने स्वतःभोवती वाढीची सीमा आखायची, ती २० वर्षांच्या गरजेपुरती, आणि गरज आकड्यांनी सिद्ध करायची. सीमेबाहेर शेती विभागात नवा तुकडा किमान ८० एकरांचा, चराऊ जमिनीत १६० एकरांचा. उत्तम प्रतीच्या मातीवर घर बांधायचं तर शेतीतून वर्षाला किमान ८० हजार डॉलरची उलाढाल दाखवायची. आपल्याकडे ८० एकर म्हणणं हास्यास्पद होईल, इथे धारणाच जेमतेम काही एकरांची. पण गरज सिद्ध करायची अट उचलण्यासारखी आहे. तिथेही भरपाईचा प्रश्न चिघळलाच: २००४ मध्ये मतदारांनी 'भरपाई द्या नाहीतर निर्बंध उठवा' असा कायदा केला आणि २००७ मध्ये स्वतःच तो आवरता घेतला.

वन

झोनच्या नकाशावर गडद हिरवा दिसतो तेवढंच वन, असं नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५' अशी नोंद आहे का बघा. ३० ऑगस्ट १९७५ ही त्यातली निर्णायक तारीख. तलाठ्याकडचा गाव नमुना १-अ म्हणजे वन जमिनींची नोंदवही, तिची नक्कल मागा. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राच्या मंजुरीशिवाय वनेतर वापर होत नाही, आणि 'वन' म्हणजे मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याख्या आकुंचित केली, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने जुनीच व्याख्या पाळायला सांगितलं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या कोंढव्याच्या ११.८९ हेक्टर राखीव वनाचं वाटप रद्द करताना याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना महसूल खात्याच्या ताब्यातल्या राखीव वनजमिनी तपासायला लावल्या. वन असेल तर झोन पिवळा झाला तरी उपयोग नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असलेलं बरं.

हरकत कशी लिहायची

'शेती वाचवा, पर्यावरण वाचवा' अशा मजकुराच्या पाचशे सह्या एकच हरकत म्हणून निकाली निघतात. पाच वेगवेगळ्या, गटवार, पुराव्यानिशी हरकती जड जातात. मजकूर साधारण असा:

'मौजे अमुक, तालुका अमुक येथील गट क्र. अमुक ते अमुक, एकूण क्षेत्र अमुक हेक्टर, हे मंजूर प्रादेशिक योजनेत शेती विभागात असून प्रारूप आराखड्यात रहिवास विभागात दर्शविले आहे. सदर क्षेत्र अमुक कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे (पाटबंधारे उपविभागाचे पत्र सोबत). मागील तीन वर्षांची पीक नोंद सोबत. विद्यमान जमीन वापर नकाशात सदर क्षेत्र पडीक दर्शविले आहे, ते वस्तुस्थितीस धरून नाही. सबब शेती विभाग कायम ठेवावा. प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.'

यातलं पडीकचं वाक्य सगळ्यात जास्त कामाला येतं. आराखड्याआधी विद्यमान जमीन वापर नकाशा बनतो आणि सातबाऱ्यावर 'पड' असलेली जमीन त्यात रिकामी म्हणून जाते. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. ती राहून गेली की उभा ऊस असलेलं शेतही कागदावर पडीक. प्रत्येक हंगामात नोंद करणं हा झोन राखायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. आराखड्याच्या अहवालात पुढच्या वीस वर्षांची लोकसंख्या धरलेली असते. तिला लागणारी निवासी जमीन आणि प्रत्यक्ष पिवळं केलेलं क्षेत्र यांचा भागाकार करून मांडा. आधीच्या आराखड्यातलं पिवळं किती रिकामं पडलंय तेही उपग्रहचित्रावरून मोजा. अधिकाऱ्याला भावनिक मुद्द्यावर 'विचार केला' लिहून पुढे जाता येतं, त्याच्याच अहवालातल्या आकड्यावर जाता येत नाही.

तिसरा, पाणी. ओढा, निळी रेषा (२५ वर्षांतून एकदाचा पूर), लाल रेषा (१०० वर्षांतून एकदाचा) गटात येते का, ते दाखवा. आराखड्याच्या नकाशावर ओढे गायब होणं नवं नाही. गट नकाशावर ते असतात.

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, ईमेलही करा. सुनावणीला दहा मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून ए-३ आकाराचा एकच नकाशा न्या: गट हद्द, कालवा, ओढा, विहिरी, प्रस्तावित रंग. ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक नसतो, तरी जोडा. ज्या शेतकऱ्यांना झोन बदललेला हवा आहे तेही त्याच दिवशी तिथे असतील. त्यांच्याशी आधीच गावात बसून बोललेलं बरं, नाहीतर सुनावणीत गावच गावाविरुद्ध उभं राहतं आणि समिती निवांत बसते. शेवटी माहिती अधिकारात तुमच्या हरकतीपुढे समितीने लिहिलेला शेरा मागवा. 'अंशतः मान्य' असा शेरा असेल तर कुठला अंश, ते सुधारित भाग नकाशावर गट नंबरानिशी तपासा.